कप्तानचं ‘अपन’

मला तो आवडत नसे.

एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. ज्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस अख्ख्या जळगावात सापडत नसे, ज्याच्यावर मी स्वतः तीन मानपत्रं लिहिली आणि तिन्हींत ‘सेवेचा मूर्तिमंत झरा’ असं न चुकता म्हटलं, तो समोरून येताना दिसला की मी सायकल आडव्या बोळात घालत असे. बोळ नसला तर रसवंतीत शिरत असे. त्या वर्षांत मी जेवढा उसाचा रस प्यालो, त्यातला निम्मा त्याच्या सेवाभावापायी. झरा मूर्तिमंत कसा असेल, हा प्रश्न मराठीचा शिक्षक असूनही मला कधी पडला नाही. मानपत्रात असे प्रश्न पडत नसतात. मानपत्रात तो ‘ते’ होता. इथं ‘तो’च लिहितो. संस्थेनं मला मुख्याध्यापक करून धुळ्याला पाठवल्याला आता काही वर्षं झाली. एवढ्या अंतरावरून हे बोलायला जरा सोपं जातं.

त्याला सगळे कप्तान म्हणत. आमच्या फुटबॉल क्लबाचा कप्तान मात्र तो कधीच नव्हता. कप्तान होता एका वकिलाचा मुलगा, कारण चेंडू वकिलांचा होता. आमचा हा कप्तान बॅकला खेळे, म्हणजे गोलकीपरच्या जरा पुढं, जिथं खेळणाऱ्याचं नाव कधी पेपरात येत नाही. त्याचा धंदा गाद्यांचा. पत्र्याच्या शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन, बाजूला लांबलचक सुई घेऊन तो मांडी घालून बसलेला. भुवयांवर, पापण्यांवर, दाढीत कायम कापूस. त्यामुळं त्याचे केस खरे कधी पांढरे झाले हे कुणालाच कळलं नाही. त्याच्या बायकोलाही नाही, असं तीच सांगे.

त्याच्या खेळाची तऱ्हा अशी, की समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन अंगावर आला की हा त्याच्या बरोबरीनं धावत धावत विचारी, ‘‘अम्मीचं मोतीबिंदूचं झालं का रे?’’ त्या पोराला उत्तर देणं भाग पडे. ‘‘आता बुधवारी—’’ म्हणेपर्यंत चेंडू गेलेला असे. हा डाव नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्याला खरोखरच मोतीबिंदूचं जाणून घ्यायचं असे. बुधवारी तो दवाखान्याच्या पायरीवर हजर असे, आणि चेंडू काढून घेतल्याबद्दल तिथं माफीही मागे. भुसावळच्या एका फॉरवर्डनं तर आमच्याविरुद्ध खेळताना कानात कापूस घालायला सुरुवात केली. तो कापूसही याच्याच दुकानातून नेलेला.

आता ‘अपन’बद्दल. जळगावात या शब्दाचे दोन अर्थ होतात. ‘अपन निघतो’ म्हणजे मी निघतो. ‘अपन निघू’ म्हणजे सगळेच निघू. बोलताना कुणी इतकं बारीक ऐकत नाही, आणि बहुतेकांच्या तोंडी ‘अपन’ म्हणजे ‘मी’च असतो. कप्तानच्या तोंडी तो कधीच ‘मी’ नसे. कुणी अडचण घेऊन आलं की तो हातातली सुई गादीत टोचून ठेवी आणि म्हणे, ‘‘फिकर नको. अपन करू.’’ आलेल्याला वाटे, चला, कप्तान करतोय. कप्तानच्या मनात मात्र त्या घडीला दुकानात जो जो उभा असेल तो तो संघात दाखल झालेला असे.

एकदा मी त्याच्या दुकानात उशी घ्यायला उभा होतो. नोकरी नवीन, खोली भाड्याची, मान आखडलेली. तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी रडत आली. तिची लेक शिरपूरला दिलेली. सासरच्यांनी माहेरी आणून घातली होती.

‘‘अक्का, रडू नका,’’ कप्तान म्हणाला. ‘‘उद्याच लेकीला घेऊन अपन शिरपूरला जाऊ. सर बोलतील. सर मराठीचे आहेत.’’

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरला एका अनोळखी घरात सतरंजीवर बसलो होतो. मराठीचा असल्यामुळं बोललो. कुटुंबसंस्था, संस्कार, दोन्ही कुळांचा उद्धार, असं जे जे दहावीच्या निबंधात येतं ते सगळं बोललो. सासरची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. चहा आला. चहामागून पोहे आले, आणि पोह्यांमागून पदर सावरत, ट्रे घेऊन, एक मुलगी आली. त्या घरात लग्नाची एक नणंद होती. समोर मी: अविवाहित, कायम नोकरी, गोड बोलणारा. त्यांचा तर्क अगदी बरोबर होता.

‘‘शाळा अनुदानित का?’’ सासऱ्यांनी विचारलं.

मी कप्तानकडे पाहिलं. तो पोहे खात होता आणि फार प्रसन्न दिसत होता. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून त्या लोकांनी सुनेला आत नेलं, बाहेर आणलं, ‘आमची सून म्हणजे लक्ष्मी’ असं तीनतीनदा सांगितलं. आणि स्थळ हातचं जाऊ नये म्हणून पुढं बरेच दिवस नीट नांदवलं. मग त्यांना तिची सवयच झाली. परतीच्या जीपमध्ये कप्तान म्हणाला, ‘‘देखा सर? अपन बोलले, काम झालं.’’ ती नणंद पुढं माझी बायको झाली नाही, हे इथं स्पष्ट करतो. माझ्या घरी हे वाचलं जाणार आहे.

धुळ्याची फायनल मात्र अजून लोक काढतात. त्या मैदानाला लागून जो रस्ता जातो, तो पुढं कब्रस्तानालाही जातो आणि अमरधामलाही. सामना बरोबरीत, थोडाच वेळ उरलेला, आमच्या बाजूला हल्ला चढलेला. आणि रस्त्यावरून एक जनाजा निघाला. वाटेत जनाजा भेटला की चार पावलं खांदा द्यायचा, ही त्याच्या घरातली शिकवण. पण ती पाळायला लोक सहसा दुकानातून उठतात, फायनलमधून नव्हे. कप्ताननं मैदान सोडलं. रेषेशी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपले गुडघे उघडे आहेत. अशा वेळी ते बरं दिसत नाही. त्यानं मंडपाला बांधलेला कापडी बॅनर सोडला आणि कमरेला गुंडाळला.

धुळ्याचा पंच शिट्टी विसरून अहिराणीत ओरडला, ‘‘ओ भाऊ, कोठे चालना? खेळ चालू शे! बठ्ठा लोके दखी राहिनात!’’

‘‘आलो, भाऊ, आलो,’’ म्हणत कप्तान जनाज्याला खांदा लावून चालायला लागला. त्याच्या पाठमोऱ्या कमरेवर ‘आपले सहर्ष स्वागत’ हे शब्द आम्हा सगळ्यांना लांबवर दिसत राहिले. आमच्यावर गोल झाला तोही त्याच बाजूनं.

परतीची एसटी पारोळ्याला पोचली. मग वकिलाच्या मुलाला राहवलं नाही. ‘‘कोण होतं रे ते? काका? मामा?’’

‘‘माहीत नाही. पिंपळनेरकडचा कुणी मजूर होता म्हणे, सिव्हिलमध्ये गेला.’’

‘‘मग तुझं काय अडलं होतं?’’

कप्तान खरंच गोंधळला. ‘‘अरे, तिकडं खांद्याला चारच होते. इकडं अपन दहा उरले होते ना!’’

त्याच्याशी भांडायची हीच तर पंचाईत होती. प्रत्येक वेळी तोच बरोबर निघे, आणि आपण हरलेले असू.

आता नावडण्याचं खरं कारण सांगून टाकतो. ते फायनलमध्ये नाही, शिरपुरातही नाही. आईला मुक्ताईनगरकडच्या आमच्या गावाहून आणून जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. केळीची कटाई चाललेली, भाऊ शेतात अडकलेला. मी बोर्डाचे पेपर तपासायचे आहेत असं सांगून सकाळ-संध्याकाळ तोंड दाखवून येत असे. पेपर खरे होते. पण ते थांबले असते. मला दवाखान्याचा वास सहन होत नाही, आईचं उघडं पडलेलं पोट सहन होत नाही, हे कुणाला सांगता येत नव्हतं. कप्तानला मी कळवलंही नव्हतं. तो आपला आला आणि बसला. मी गेलो की तो उठून मला स्टूल देई. माझ्याच आईजवळचं स्टूल, मलाच, पाहुण्याला द्यावं तसं.

‘‘तुले पेपर असतीन ना बापा,’’ आई म्हणाली. ‘‘तू जाय. तो बसेल आहे माह्यापाशी.’’

ती टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्त लागलं. आई बरी होऊन गावी गेली. पुढं दर वर्षी गावाहून केळीचा घड आला की त्यातली सगळ्यात भरदार फणी कप्तानकडं जाई, असा तिचा हुकूम. ती फणी पोचवायला मीच जात असे. मला सांगा, असा माणूस कुणाला आवडेल?

त्याच्या बायकोला मी हे कधी विचारलं नाही, पण तिला माझं दुःख कळत असावं. ती त्याला ‘पाहुणे’ म्हणे. ‘‘पाहुणे, आज जेवून जाता का?’’ दोन बहिणी, त्यांची पोरं, चुलत्याची विधवा सून, असं ते घर सदा भरलेलं. ‘घरचे’ हा शब्दही त्यानं ‘अपन’सारखाच ताणून ठेवला होता. मोहल्ल्यातल्या प्रत्येक गरीब नवरीला त्याच्याकडून गादी जाई, आणि त्याच्या स्वतःच्या घरात सगळे सतरंजीवर. तिसऱ्या मानपत्राच्या वेळी मी माहिती घ्यायला गेलो, तर ही गादीची खोळ शिवता शिवता म्हणाली, ‘‘सर, एक ओळ आमची पण टाका. गादीवाल्याच्या बायकोची पाठ दुखते.’’

मी ‘सहधर्मचारिणीची मोलाची साथ’ असं टाकलं.

या सगळ्यातून दिवसाचा एक तास मात्र तो चोरून ठेवी. सकाळी वॉर्डातल्या पालिकेच्या मोकळ्या मैदानावर तो पोरापोरींबरोबर खेळे. ब्लॅडर फुटलेल्या चेंडूंत कापूस ठासून तो ते पुन्हा शिवी. असा चेंडू उसळत नाही, उडत नाही, जमिनीला धरून जातो. त्यामुळं आमच्या पोरांना चेंडू उचलून मारताच येत नसे. बाहेरच्या संघांना वाटे, ही काहीतरी मोठी पद्धत आहे. त्या तासात त्याचा फोन पिशवीत घालून गोलच्या खांबाला टांगलेला असे. वाजला तर वाजू दे. एकदा आमदारांचा माणूस बुलेटवरून आला, हॉर्न देत बसला. कप्ताननं मान वळवली नाही. ‘‘खेळ झाल्यावर,’’ एवढंच म्हणाला. हाच माणूस धुळ्याची फायनल टाकून गेला होता, यावर मला पाहूनही विश्वास बसेना.

आणि नेमकं तेच मैदान वॉर्डाच्या दादांना आवडलं.

दादा त्या वेळी नगरसेवक होते, होणार होते, किंवा नुकतेच पडले होते. आमच्याकडं या तिन्ही अवस्थांत फ्लेक्स सारखाच लागतो. त्यांच्या मनात आलं की कप्तानच्या नावानं सभागृह बांधावं. गोरगरिबांची लग्नं होतील, पुण्यतिथ्या होतील, रक्तदान होईल. जागा? मैदान मोकळंच पडलंय की. समिती झाली. सेक्रेटरी मी, कारण ठरावात ऱ्हस्व-दीर्घ चुकू नये.

बैठकीत कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या टेलरनं विचारलं, ‘‘कप्तानला विचारलं का पण?’’

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, ‘‘त्यांना काय विचारायचं? ते ‘अपन करू’च म्हणणार.’’

सगळे हसले. मी ठरावात ‘संबंधितांची संमती आहे’ असं लिहिलं. आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना आत गार वाटलं. जगात एका जागी, दिवसात एक तास, हा माणूस कुणाच्या उपयोगी न पडता सुखी असे. ती जागा मी त्याचा सन्मान करून काढून घेत होतो. त्याला बोल लावायची सोयच नव्हती. आयुष्यभर त्यानं मला न विचारता जे केलं, ते मी एकदा त्याला न विचारता केलं.

फ्लेक्स लागला. त्यावर दादा पूर्ण उंचीचे, आणि कप्तान त्यांच्या गुडघ्यापाशी, गोलात. त्याच दुपारी तो माझ्या घरी आला. बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला आणि सोफ्यावर कापूस पडू नये म्हणून बाही झटकत राहिला.

‘‘सर, अपननी हो म्हटलं, असं म्हणतात.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘तेच विचारतोय. अपन तर तिथं नव्हते.’’

‘‘मी म्हटलं,’’ मी म्हणालो. ‘‘तुमच्या वतीनं.’’

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडत नसे, ही त्याची सगळ्यात वाईट खोड. ‘‘चांगलंच आहे ना,’’ तो म्हणाला. ‘‘गरिबाच्या लग्नाला जागा नाही, हे तर खरं आहे.’’ मग बराच वेळ बाही झटकली. ‘‘पोरं कुठं जातील, एवढंच.’’

‘‘तुम्ही नाही म्हणा.’’

‘‘कसं?’’

त्यानं हे इतकं सरळ विचारलं, की मला शिकवावंच लागलं. ‘‘म्हणायचं, मला मैदान पाहिजे.’’

‘‘अपनला मैदान—’’

‘‘अपन नाही. मला.’’

‘‘पोरांना मैदान पाहिजे.’’

‘‘पोरांना दादा दुसरीकडं देतील, कागदावर. पोरांना सोडा. तुम्हाला पाहिजे की नको?’’

‘‘पाहिजे.’’

‘‘कुणाला?’’

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. ‘‘मला,’’ तो म्हणाला, आणि लगेच, ‘‘आणि पोरांना.’’

आतून माझी बायको म्हणाली, ‘‘अहो, ते ‘आणि’ काढायला सांगा त्यांना.’’

‘‘वहिनी, नाही होत हो,’’ तो काकुळतीला आला. ‘‘आतापर्यंत कधी मागितलं नाही. घरी पण नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी अपन मागत नाही. लोक काय म्हणतील?’’

‘‘म्हणतील, कप्तानला काहीतरी पाहिजे. त्यात काय?’’

तो खाली बसला, फरशीवर. ‘‘सर, सांगू का? तिथं कुणाला माझी गरज नसते. पोरं तर मला चेंडूपण देत नाहीत. मी नुसता पळतो.’’

आपण ‘मी’ म्हणालो हे त्याला कळलं नाही. मीही लक्षात आणून दिलं नाही. आमची शिकवणी पुढं दोन-तीन दुपारी चालली. ‘आणि’ काही केल्या जाईना.

भूमिपूजन त्याच मैदानावर ठेवलं होतं. मांडव, खुर्च्या, मधोमध खणलेला खड्डा, आत कुंकू लावलेली वीट. पलीकडं कढईत बुंदी पडत होती. सूत्रसंचालक मी. दादा कप्तानवर बोलले. त्यात कप्तान कमी आणि दादा जास्त, तेही मीच लिहून दिलेलं. शाल आली, नारळ आला. मग मी म्हणालो, ‘‘आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील.’’ दोनच शब्द बोलायचे, ही आमच्याकडं नुसती म्हणायची पद्धत आहे.

कप्ताननं माइक धरला. शाल, नारळ आणि माइक असं तीनही त्याला सांभाळेना. ‘‘मला,’’ तो म्हणाला, आणि थांबला. इतका थांबला की लोकांना वाटलं, भरून आलंय, टाळ्या वाजल्या. ‘‘मला मैदान पाहिजे.’’

‘आणि’ आलं नाही. मी वाट पाहिली.

दादा मोठ्यानं हसले. ‘‘बघा, किती साधा माणूस! आपण हॉल देतोय, तर हा मैदान मागतो!’’ पुन्हा टाळ्या.

‘‘नाही, दादा,’’ कप्तान म्हणाला. ‘‘हॉल दुसरीकडं बांधा. गाद्या सगळ्या मी भरून देतो. नाव नका देऊ. पण हे मला पाहिजे. मला.’’

टाळ्या थांबल्या. कढईतल्या झाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. दादांचा चेहरा फ्लेक्सवरच्यासारखा राहिला, फक्त डोळे माझ्याकडं वळले. ‘‘सर, ठराव वाचा. यांची संमती आहे त्यात.’’

ठराव माझ्या हातात होता. सुंदर अक्षर. मी म्हणालो, ‘‘संमती यांची नव्हती. मी यांना विचारलंच नव्हतं.’’

‘‘मोठ्यानं बोला, सर!’’ मागून कुणीतरी ओरडलं. ‘‘ऐकू नाही येत!’’

म्हणून दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी मराठीच्या तासाला बोलतो तसं, स्पष्ट बोललो: ‘‘हो मी म्हटलं होतं. यांनी नाही.’’ बायकांच्या बाजूनं एकच टाळी वाजली, एकटीची. ती माझ्या बायकोची, हे मी न बघताही सांगू शकलो असतो. दादा उठून गेले. जेवण तयार होतं, म्हणून बाकीचे बसले.

पुढचं आधी सांगून टाकतो. सभागृह पलीकडच्या वॉर्डात झालं, दादांच्या वडिलांच्या नावानं. मैदान राहिलं, अजून आहे. पण गाव कप्तानवर उलटलं. ‘‘प्लॉटवर पहिल्यापासून डोळा होता,’’ असं एकानं म्हटलं, आणि सगळ्यांना ते आपल्याला आधीच कळलं होतं असं वाटलं. ‘‘एवढी वर्षं सेवा काय उगाच केली?’’ ‘‘कसा मला-मला करत होता, पाहिलं ना?’’ तीस वर्षं त्यानं दिलं, ते लोकांनी फार चौकशी न करता घेतलं. एकदा मागितलं, तर चौकशी सुरू. सत्काराला पुन्हा कुणी बोलावलं नाही. ज्यांना खरी गरज होती ते येत राहिले. त्याची बायको मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, ‘‘सर, पाहुणे आता मीठ मागतात. वरून कमी पडलं म्हणून बोलतात पण.’’ तक्रारीचा सूर होता; चेहरा तसा नव्हता.

भूमिपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो. का गेलो, सांगता येत नाही; झोप लागली नव्हती. मांडवाचे बांबू निघाले होते. पत्रावळी विखुरलेल्या. मधला खड्डा तसाच, आणि कप्तान फावड्यानं त्यात माती ओढत होता. पोरंपोरी बाजूला ताटकळत उभी.

‘‘बरं झालं, सर आले,’’ तो म्हणाला आणि फावडं माझ्या हातात दिलं.

मला वाटलं, दुसरं आणायला चालला. दुसरं नव्हतंच. त्यानं लुंगी सोडून दगडावर ठेवली, आत हाफ पँट होतीच, आणि वाकून बुटाच्या नाड्या आवळायला लागला.

‘‘आपण दोघं मिळून पटकन—’’ मी सुरुवात केली.

‘‘तुम्ही,’’ तो म्हणाला. ‘‘मला खेळायचं आहे.’’

आणि खरंच खेळायला गेला. मी शाळेच्या कपड्यांत होतो. फावडं धरायची सवय गावाबरोबरच सुटलेली. वीट काढावी की आत राहू द्यावी, हे विचारायला मान वर केली. त्याचं लक्ष नव्हतं. वीट आतच राहिली. माती ओढताना मला त्याचा राग येत होता. आधी यायचा तसला आतल्या आत कुढणारा नाही, चांगला खणखणीत. भावाचा येतो, बायकोचा येतो, तसला. मी दोनदा त्याला हाक मारून शिवीही दिली. त्यानं लांबूनच हात केला.

खड्डा भरला. पाय देऊन देऊन दाबला, वरून फावड्याच्या पाठीनं थोपटला. मग कमरेवर हात ठेवून तिथंच उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या सवयीनं वाटलं असावं, की आता कुणीतरी दोन शब्द बोलेल.

‘‘ओ सर,’’ एक मुलगी ओरडली, ‘‘मधून हटा ना!’’

मी हटलो.